आखाजीचे पाच हजार

पैसे कसे खर्चायचे हे कोणालाही विचारू नकोस, असं प्रमिलाला तिच्या वडिलांनी स्वच्छ बजावलं होतं, आणि तिने खरोखरच कोणाला विचारलं नाही. तिने फक्त सांगितलं. सांगितलं की विचारल्यासारखंच होतं, आणि विचारलं की हातचं गेल्यासारखं होतं, हे तिला लग्नाला चार वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं. माणूस शिकतो तो पदरचं जाऊनच.

आखाजीचा सण होऊन तिसऱ्या दिवशी, बारा वाजताच्या उन्हात, आबा दारात उभे राहिले. अभिमन आबा पिंपळनेरच्या पलीकडून एसटीने आले होते आणि रिक्षावाला दोन रुपये जास्त सांगतो म्हणून धुळ्याच्या स्टँडपासून पांझरा नदीचा पूल ओलांडून देवपूरपर्यंत चालत आले होते. एका हातात सांजोऱ्यांचा डबा, डोक्यावर ओला पंचा. आखाजीला लेकीने माहेरी जायचं, झोक्यावर बसायचं, गाणी म्हणायची, हा आमच्या खानदेशातला वर्षाचा एकमेव न्याय. तो या वर्षी प्रमिलाच्या वाट्याला आला नव्हता. का, तर नवऱ्याची, म्हणजे चुडामणरावांची, खात्याची परीक्षा होती. परीक्षेला घरात शांतता लागते, आणि शांततेला दोन वेळचा गरम भाकरतुकडा लागतो. प्रमिला राहिली. परीक्षा आखाजीच्या आदल्या दिवशी पुढे ढकलली गेली, आणि चुडामणराव आखाजीच्या दिवशी दुपारभर झोपले. शांतता वाया जाऊ नये म्हणून.

आबा पाणी प्याले, त्यांनी आठ महिन्यांच्या नातीच्या पाठीवरच्या घामोळ्या पाहिल्या, आणि बंडीच्या आतल्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून प्रमिलाच्या हातात कोंबली.

"हाई तुनं शे. पाच हजार शेतस. कोनलेच इचारू नको. तुना मनले लागी ते ले."

"आबा, एवढे? कशाचे?"

"शेंगास्ना." एवढं बोलून आबा उठले. चारची गाडी चुकली असती.

ज्या माणसाने आजवर लेकीला भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आणि 'जपीसन ऱ्हाय' यापलीकडे काही दिलं नव्हतं, त्याने पाच हजार दिले. प्रमिला रुमाल हातात घेऊन पाव तास ओट्याशी उभी राहिली. उभीच राहिली, कारण या घरात तिची बसायची अशी जागा नव्हती. खुर्ची साहेबांची, म्हणजे घरच्या साहेबांची. पलंगावर परीक्षेची पुस्तकं. उरला ओटा, आणि ओटा कधी कोणाला 'बैस' म्हणत नाही. त्या पाव तासात तिने ठरवलं: बंगई घ्यायची. सागाची जाड फळी, चार साखळ्या, खोलीच्या तुळईला टांगलेली. दुपारी भांडी झाली की पोरीला मांडीवर घेऊन बसायचं, पाय जमिनीवरून उचलायचे, आणि एका अंगठ्याने झोका द्यायचा. आखाजीला हुकलेला झोका वर्षभर घरात. यापेक्षा सरळ हिशोब देवालाही जमला नसता.

मग तिने शेजारच्या झुंबरबाईंना सांगितलं.

झुंबरबाईंचं मागचं अंगण प्रमिलाच्या एकुलत्या खिडकीला लागून होतं, त्यामुळे दोन्ही घरांत गुपित असं फारसं टिकत नसे. झुंबरबाई म्हणाल्या, "बंगई? अगं पोरी, बंगईवर बसलेली बाई आणि फळीवर ठेवलेलं लोणचं, दोन्हीला लवकर बुरशी लागते. सोनं घे. सोनं अडीअडचणीला उपयोगी येतं."

"कोणती अडचण, अक्का?"

"ती येतेच गं. सोनं घेतलं की येते."

हा सल्ला ऐकून प्रमिला गप्प बसली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळ्यांची सोय झाली असती. पण संध्याकाळी तिने नवऱ्यालाही सांगितलं. चुडामणराव एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक होते, आणि कनिष्ठ हा शब्द त्यांनी अंगाला लावून घेतला होता; घरात मात्र ते सचिव असत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"बंगई?" ते म्हणाले. "भाड्याच्या घरात? हे पैसे म्हणजे भांडवल आहे, प्रमिला. भांडवलावर बसायचं नसतं."

"मग काय करायचं असतं?"

"विचार."

विचार करायला ते वरच्या मजल्यावर घरमालकांकडे गेले. घरमालक कौतिकनाना हे निवृत्त गृहस्थ. निवृत्तीनंतर त्यांनी दोनच गोष्टी सांभाळल्या होत्या: अंगणातला बोअर, ज्याच्या पंपाला कुलूप होतं, आणि दुसऱ्यांच्या पैशांविषयीची मतं, ज्यांना नव्हतं. प्लॉट घ्या, पोस्टात टाका, स्कूटर बुक करा, अशी सगळी स्थानकं घेत गाडी शेवटी नानांच्या घामाघूम बनियनपाशी थांबली आणि नाना म्हणाले, "खरं सांगू चुडामण? या धुळ्याच्या उन्हात माणसाने कूलर घ्यावा. डोकं थंड तर परीक्षा पास."

झालं. चुडामणराव खाली आले ते कूलरच घेऊन आले. फक्त पत्रा लावायचा बाकी होता.

"पोरीच्या घामोळ्या बघ," ते म्हणाले. पोरीच्या घामोळ्या त्यांनी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच पाहिल्या होत्या. प्रमिलाने पोरीकडे पाहिलं आणि तिचं मन हललं. आईचं मन हलवायला घामोळी पुरते, हे शहाण्या नवऱ्यांना उपजत ठाऊक असतं. "होऊ दे," ती म्हणाली. बंगई मनातच टांगून राहिली.

तयार कूलर घेणं म्हणजे दुकानदाराचं घर भरणं, असं कौतिकनानांचं मत पडलं, म्हणून तो मगन मिस्त्रीकडून बनवून घ्यायचं ठरलं. मगन कपाटं, कोठ्या आणि कूलर एकाच मापाने बनवायचा. त्याने आणलेली वस्तू हातगाडीवरून उतरवायला चार माणसं लागली. अंगणात ठेवल्यावर झुंबरबाईंनी विचारलं, "एवढं धान्य कोण खाणार गं?"

कूलर खिडकीत मावेना. मगनने खिडकीकडे असं पाहिलं, जणू चूक तिचीच होती. "खिडकी लहान शे, साहेब," तो म्हणाला.

"माप घेतलं होतंस ना?"

"घेतलं ना. कूलरचं."

खिडकी मोठी करायला नानांची परवानगी हवी. कूलर घ्यायला सांगणारे नाना आता घरमालक झाले. त्यांनी कागद लिहून घेतला की भिंत होती तशी करून द्यायची. गवंडी आला. त्याने दोन गज काढले, तर गजांबरोबर हातभर भिंत आली. भिंत मातीत रचलेली होती आणि इतकी वर्षं केवळ गजांच्या आधाराने उभी होती. त्या भगदाडातून झुंबरबाईंचं मागचं अंगण इतकं स्वच्छ दिसू लागलं की त्या तिथून प्रमिलाला फोडणी कधी घालायची ते सांगू लागल्या. कूलर भगदाडात बसवला, भोवती विटा लावल्या, बाजूंना वाळ्याच्या ताट्या घातल्या. चुडामणरावांनी नारळ फोडला. नारळाचं पाणी त्यांनी कूलरच्या टाकीत ओतलं, आणि पुढच्या दोन दिवसांत त्या टाकीला मिळालेलं तेवढंच पाणी ठरलं.

कारण पाण्याचा विचार कोणीच केला नव्हता. मागच्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. नळ चौथ्या दिवशी यायचा, तोही अर्धा तास, आणि तेवढ्यात पिंपं, घागरी, बादल्या, पोरीची बाटलीसुद्धा भरून ठेवावी लागे. तो कूलर एका दुपारी सहा बादल्या मागायचा. अख्ख्या घराला दिवसाला चार लागत. ज्या शहरात माणसं पाहुण्याला अर्धा पेला पाणी देऊन 'अजून देऊ का?' विचारताना तोंड फिरवतात, त्या शहरात पाणी पिणारं यंत्र पाळायची बुद्धी दोन कर्त्या पुरुषांना झाली. एक कारकून आणि एक बोअरवाला. प्रमिलाला कोणी विचारलं असतं तर पाणी कोण भरतं हे तिने सांगितलं असतं. पण विचारायची वेळ आली की तिला सांगितलं जायचं.

तिसऱ्या दिवशी चुडामणरावांनी अंघोळ सोडली. परीक्षेसाठी माणूस काय काय सोडतो! त्यांच्या अंघोळीच्या दोन बादल्या कूलरमध्ये गेल्या, आणि अंघोळ न केलेले चुडामणराव कूलरसमोर बसले. वारा त्यांच्यावरून वाहत प्रमिलापर्यंत आला तेव्हा तिने पोरीला उचललं आणि ओट्याशी जाऊन उभी राहिली.

चौथ्या दिवशी झुंबरबाईंनी मसाला केला.

मे महिन्यात वर्षाचा मसाला होतो, ही गोष्ट खानदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. झुंबरबाईंनी मागच्या अंगणात चूल मांडली, कढईत तेल टाकलं आणि मिरच्या भाजायला घेतल्या. कूलरचं तोंड खोलीत, पाठ अंगणात. त्याने आपलं काम चोख केलं: अंगणातली हवा, चुलीच्या धुरासकट आणि मिरचीच्या ठसक्यासकट, ओढून घेतली, वाळ्यातून गाळली आणि चुडामणरावांच्या नाकात भरली. पुस्तक एकीकडे, चुडामणराव एकीकडे. पोर किंचाळायला लागली. प्रमिलाने तिला पदरात गुंडाळून रस्त्यावर नेलं. मागून नवरा खोकत आला, डोळे लाल, तोंड पुसत.

"झुंबरबाई!" ते अंगणाच्या भिंतीवरून ओरडले. "जरा थांबा की!"

"मी थांबू?" झुंबरबाई झारा घेऊन उभ्या राहिल्या. "माझी चूल तीस वर्षं इथंच आहे. तुझंच नाक या उन्हाळ्यात माझ्या अंगणात आलंय, चुडामण!"

चुडामणरावांनी आत जाऊन कूलर बंद केला. तो आठवडाच प्रश्नांचा होता, कारण कचेरीतूनही एक प्रश्न आला होता.

तो त्यांनी स्वतःच ओढवून घेतला होता. नोकरीच्या नियमांत कुठेतरी होतं की कुटुंबातल्या माणसाला मोठी भेट मिळाली तर ती कळवावी. हा नियम जिल्ह्यात आजवर कोणी वाचला असेल तर तो परीक्षेला बसणाऱ्या चुडामणरावांनी. त्यांनी 'मूल्यवान भेट स्वीकारल्याबाबत' असा अर्ज दिला. साहेब नुकतेच रत्नागिरीकडून बदलून आलेले, उन्हाने करपलेले, आणि करपलेल्या माणसाला शेरे फार सुचतात. कागद उलट आला:

'आपल्या अर्जात भेटीचे निमित्त "आखाजी" असे नमूद आहे. सदर नावाचा सण सुट्ट्यांच्या यादीत आढळून येत नाही. खुलासा तीन दिवसांत करावा.'

चुडामणरावांनी कळवलं की आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पुन्हा कागद आला:

'अक्षय्य तृतीयेस सासऱ्याने जावयाच्या पत्नीस रोख रक्कम देण्याची प्रथा आहे काय? सदर रक्कम हुंडा नसल्याबाबत रक्कम देणाऱ्याचा समक्ष जबाब, देण्याचे कारण नमूद करून, सादर करावा.'

"जावयाची पत्नी," प्रमिला म्हणाली. "म्हणजे मी आबांची कोणी नाही?"

"कागदावर तसं लिहितात."

"मग कागदावरच जेवायला बसा."

चुडामणराव घाबरले होते. हुंडा हा शब्द सहीशिक्क्यानिशी घरात आला होता. नोकरी जाते की काय, बढती तर गेलीच, असं म्हणत त्यांनी पिंपळनेरकडे निरोप धाडला. प्रमिलाची काळजी मात्र वेगळीच होती. आबा येणार. येऊन विचारणार, काय घेतलंस? आणि ती त्यांना काय दाखवणार? हे भगदाड?

आबा आले. तसेच चालत, तसाच ओला पंचा. जावयाने त्यांना मानाने खुर्चीवर बसवलं, कूलरसमोर, आणि त्यांच्या सन्मानार्थ पिण्याच्या पाण्याची एक घागर टाकीत ओतली. प्रमिला बघत राहिली. आबांनी तो डब्बा वरून खालपर्यंत पाहिला.

"हाई काय शे?"

"कूलर, आबा," चुडामणराव म्हणाले. "थंड हवेचा."

"हवा ते गरम ई ऱ्हायनी."

"पंप अडकलाय. मगन येतोय."

आबांनी प्रमिलाकडे पाहिलं. "तुना मनले लागना का हाऊ?"

प्रमिलाला 'हो' म्हणायचं होतं. लेकीने बापाला 'हो' म्हणायचं असतं, म्हणजे बाप सुखाने चारची गाडी पकडतो. तिने तोंड उघडलं, ते तसंच मिटलं आणि भिंतीकडे वळून पोरीचं अंगडं नीट करू लागली. ते आधीच नीट होतं.

जावयाने कागद काढला, टाक सरसावला. नाव, गाव, वय, धंदा, सगळं झालं. हुंडा दिला काय? "नही." मग तो रकाना आला.

"देण्याचं कारण," चुडामणराव म्हणाले. "काहीतरी साधंच सांगा आबा. 'आनंदाने दिले' लिहू?"

"आनंदना काय संबंध?" आबा म्हणाले. "मी सांगस तेच लिख, जवाईबापू. पोर आखाजीले उनी नही."

टाक थांबला.

"निंबना झाडले झोका बांधेल व्हता," आबा सांगत राहिले, जसं काही तलाठ्याला पीक सांगतात. "बठ्ठा गावन्या पोरी उन्यात. आमना झोका रिकामा. तिनी माय दिनभर दारमा बठनी. मंग मी म्हनं, पोर येत नही ते पैसा जाऊ देत तिनाकडे. लिखं का?"

चुडामणराव लिहीत नव्हते. पोर ज्याच्यामुळे आली नव्हती त्याच माणसाला ते जबाबात लिहावं लागणार होतं, आणि त्याच्याच हातात टाक होता. चार वर्षांत प्रमिलाने नवऱ्याचे कान इतके लाल पाहिले नव्हते. मिरचीच्या दिवशीही नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, जसंच्या तसं, झोक्यासकट. आबांनी खाली सही केली आणि चारच्या गाडीला निघाले. जाताना दारात प्रमिलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "इचारू नको म्हने व्हतो ना मी?"

त्या रात्री ती रडली असेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिला ओळखलं नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेली, कौतिकनानांच्या बायकोकडे, लिलाबाईंकडे.

"काकू, तुमची लेक येणार ना उद्या? बाळंतपणाला?"

"येणार गं. या उकाड्यात कसं व्हायचं तिचं, काळजीच वाटते."

"खरंय," प्रमिला म्हणाली. "तुमच्याकडे पाणी आहे, बोअर आहे. देवाने सगळं दिलंय. आमचं काय, पाण्यावाचून कूलर नुसता उभा आहे बिचारा. बाळंतिणीचं अंग थंड तर दूध चांगलं."

शेवटचं वाक्य तिने तिथेच बनवलं होतं. पण महिनाभर सल्ले ऐकलेल्या माणसाला सल्ला द्यायला काय वेळ लागतो? दुपारी कौतिकनाना खाली आले आणि कूलरभोवती फेऱ्या मारू लागले.

"चुडामण असला की बोलू," ते म्हणाले.

"कशाला नाना? पैसे माझ्या आबांचे. माझ्याशीच बोला. मगनला दिले तेवढे द्या, ताट्यांचे सोडले."

"आणि भिंत? कागद झालाय आपला."

"भिंत तुमच्या कूलरने पाडली, नाना. आता तो तुमचा. आणि दुसरं, खोलीच्या तुळईला दोन कड्या मारू द्यायच्या."

"तुळईला? तुळई जुनी आहे!"

"मग राहू द्या," ती म्हणाली. "झुंबरअक्काही विचारत होत्या. त्यांच्या मसाल्याला वारा हवाय."

हे साफ खोटं होतं. पण नानांनी वर पाहिलं, छताकडे, जिथून लिलाबाईंच्या चपलांचा आवाज येत होता. कूलर दुसऱ्याच दिवशी वर गेला, चार माणसांच्या खांद्यावर, आणि मागून चालणाऱ्या मगनने वरच्या खिडकीकडे पाहून सांगितलं, "खिडकी लहान शे, नाना."

खालचं भगदाड नानांनी बुजवून दिलं, आणि बंगई पिंपळनेरच्या सुताराने केली. जाड सागाची, गोल कडांची. पैसे उरले ते कुठे गेले हे प्रमिलाने कोणालाही सांगितलं नाही. शिकली ती.

बंगई टांगली त्या दिवशी चुडामणराव घरी आले ते कागद हातात धरून. अंघोळ केलेले होते. नळ आला होता. प्रमिला बंगईवर बसली होती, पोर मांडीवर उघडीच झोपलेली, घामोळ्यांवर वाऱ्याची झुळूक येत जात होती. चुडामणराव समोर उभे राहिले. खुर्ची रिकामी होती, पण बसायचं त्यांना सुचलं नाही.

"साहेबांचा शेरा आला," ते म्हणाले. "जबाब दोनदा वाचला म्हणे त्यांनी. त्यांचीही मुलगी तिकडे देवरुखला आहे, दोन वर्षं आली नाही."

"काय लिहिलंय?"

त्यांनी घसा साफ केला. "'कारण समाधानकारक. पुढील वर्षी संबंधितांस आखाजीस वेळेवर पाठवावे. दप्तरी दाखल.'" आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे, पाठवीन मी. परीक्षा असली तरी."

प्रमिलाने पोरीच्या अंगावरची माशी हाकलली.

"पाठवीन?" ती म्हणाली. "मी काय तुमच्या कचेरीचं टपाल आहे? मी जाईन."

आणि अंगठ्याने जमिनीला रेटा देऊन तिने झोका घेतला. चुडामणराव मधे उभे होते. त्यांना बाजूला व्हावं लागलं.